डोंगर कुणी राखायचा?



तुमच्या वर्गाच्या ताईंनी आम्हांला सांगितले, "गुरुजी, तासभर बोला, पण सोपे बोला." आम्ही पस्तीस वर्षे शाळेत बोललो. तेव्हा बोलायची सवय आहे. सोपे बोलायची सवय किती आहे, ते तुम्हीच ठरवा. जिथे कळणार नाही तिथे हात वर करा. आम्ही थांबू.

आजचा विषय डोंगराचा आहे. आपल्या सातारा-सांगलीकडे डोंगरांना तोटा नाही. हे दोन्ही जिल्हे पूर्वी एकच होते, बरं का. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. पश्चिमेला महाबळेश्वर, कोयना, चांदोली. तिकडे पाऊस धो धो, रान दाट. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत. तिकडे माणसे आभाळाकडे डोळे लावून बसतात. मधे आपला कृष्णाकाठ. काठावर ऊस डोलतो. आणि मान जरा वर केली, की मागे बोडका डोंगर दिसतो. पायथ्याला हिरवे लुगडे आणि माथ्यावर पदरच नाही, अशी त्याची दशा.

हा डोंगर असा का झाला? विचारले की लोक चटकन म्हणतात, "शेळ्यांनी खाल्ला." सारा दोष गुराख्याच्या माथी मारायची एक रीतच पडली आहे. ती आम्हांला मान्य नाही. शेळीने पाला खाल्ला, हे खरे. पण कोळसा पाडून तो शहराकडे कुणी नेला? घरांना तुळया, गाड्यांना चाके, कारखान्यांना आणि गुऱ्हाळांना जळण कुठून आले? शहरातल्या बंबाखालीसुद्धा डोंगरच जळत होता. मग दुष्काळ आले. १९७२ चा दुष्काळ आम्ही लहानपणी पाहिला. खडी फोडायची आणि सुकडी खायची, असे ते दिवस. त्या वर्षी चुलीत घालायला काटकी मिळेना, तेव्हा लोकांनी झाडांचे बुंधे खणून काढले. पोटाला भाकरी हवी तर तिला भाजायला काटकी हवीच. त्यांना नावे ठेवायला आमची जीभ रेटत नाही.

आता उजाड झालेला डोंगर पुन्हा हिरवा होतो का? होतो. आपल्याच जिल्ह्यात झाला आहे.

सागरेश्वर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. श्रावणात तिथे दर्शनाला गर्दी होते. जुनी महादेवाची देवळे आहेत, एक मोठे आणि भोवती लहान लहान. जवळच देवराष्ट्रे गाव. यशवंतराव चव्हाणांचा जन्म तिथलाच, १९१३ सालचा. कडेगाव, पलूस आणि वाळवा या तीन तालुक्यांच्या शिवेवर हे डोंगर आहेत. आज तिथे रान आहे. सांबर आहे, चितळ आहे, काळवीट आहे. पण हे रान देवाने दिलेले नाही. ते माणसांनी उभे केले आहे. त्या डोंगरावर बारमाही पाणी नाही. ओढे पावसाळ्यात वाहतात आणि दिवाळीनंतर आटतात. अशा जागी झाडे लावायची, ती जगवायची, मग त्यांत जनावरे आणून सोडायची, हे काम सोपे होते का?

या कामात पुढे होते ते मोहित्यांचे वडगाव इथले धों. म. मोहिते. लोक त्यांना वृक्षमित्र म्हणत. त्यांनी हा ध्यास घेतला. गावोगावच्या लोकांना जोडले, सरकारचे उंबरे झिजवले, वनखात्याला कामाला लावले. पुष्कळ वर्षे हे चालले. शेवटी १९८५ साली सरकारने सागरेश्वरला अभयारण्य म्हणून जाहीर केले. अभयारण्य म्हणजे जिथे जनावराला अभय आहे, भीती नाही, असे रान. त्याचे क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर. आपल्या हिशेबाने सुमारे २,७०० एकर. सगळ्याला कुंपण आहे. माणसाने लावलेले अभयारण्य म्हणून ते ओळखले जाते.

आता हे रान होते कसे, ते पाहू. इथे जरा सावकाश जाऊ, कारण गाडी बहुतेक इथेच अडते.

तुम्ही ऊसवाले लोक. ऊस तोडला की काय उरते? बुडखा. त्याला पाणी दिले, राखले, की खोडवा येतो. नवे बेणे लावावे लागत नाही. डोंगराचेही तसेच आहे. वरून तो बोडका दिसतो, पण त्याच्या पोटात बोरीची, पळसाची, खैराची, हिवराची जुनी मुळे जिवंत असतात. दर पावसाळ्यात ती फुटतात. दर हिवाळ्यात कुणी तरी ते फुटवे खाते, तोडते किंवा जाळते. तीन-चार वर्षे त्यांना नुसते राखले, तर डोंगराचा खोडवा येतो. एक रोप न लावता येतो! म्हणून आमचे म्हणणे असे, की आधी राखण आणि मग लावण. लोक उलटे करतात. आधी पाहुणे बोलावतात, रोपे लावतात, हार घालतात, आणि राखणदार नेमायला विसरतात.

एका गावी आम्ही हे डोळ्यांनी पाहिले. गावाचे नाव सांगत नाही. आषाढात मोठा कार्यक्रम झाला. पाच-सहाशे रोपे लावली. मुलांना खाऊ वाटला. दिवाळीला आम्ही गेलो, तर खड्डे तेवढे शाबूत होते. दुसऱ्या वर्षी गावातल्या बायकांनी बैठकीत विचारले, "औंदा रोपं लावायची का खड्डे मोजायचे?" मग गावाने शहाणपणा केला. त्या डोंगरावर शेळ्या चारणारा जो एक म्हातारा आप्पा होता, त्यालाच राखणदार नेमले. घरटी धान्य जमा करून त्याला दिले. आप्पाला डोंगराची प्रत्येक वाट ठाऊक. कुणाची शेळी कुठून शिरते, हे त्याला कुणी सांगावे लागले नाही. ती रोपे जगली.

राखणीनंतर पाणी. डोंगरावर पाऊस पडतो आणि धावत खाली जातो. जाताना माती घेऊन जातो. त्याला चालायला शिकवायचे. त्यासाठी उतारावर आडवे चर खणायचे. चर सपाट रेषेत हवा, नाही तर पाणी एका टोकाला जमून फोडून जाते. ही रेषा कशी काढायची? गवंडी भिंतीची पातळी कशी पाहतो? पाण्याने भरलेली लेव्हलची नळी लावून. तीच नळी डोंगरावर चालते. यात इंजिनियरचे अडत नाही. २०१६ साली पाणी फाउंडेशनने वॉटर कपाची पहिली स्पर्धा घेतली. त्यात कोरेगाव तालुक्यातले वेळू गाव राज्यात पहिले आले. पंचेचाळीस दिवस बाया-बापड्यांनी उन्हात माती उपसली होती. ते चर लोकांनी आपल्या हातांनीच आखले.

खड्डे चैत्र-वैशाखात खणावेत, म्हणजे माती उन्हात तापते. दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल पुरे. पहिला पाऊस नीट मुरला की रोप लावावे. बुंध्याशी पालापाचोळा पसरावा, त्याने ओल टिकते. पहिले दोन उन्हाळे रोपाला पाणी पाजावे लागते. तिसऱ्या उन्हाळ्यात झाड आपले आपण पाहते.

कोणती झाडे लावायची? जी तुमच्या शिवारात आपोआप येतात ती. कडुनिंब, करंज, हिवर, बाभूळ, बोर, चिंच, पळस, बहावा, आपटा, सीताफळ. घळीत ओल असेल तर जांभूळ आणि उंबर. वड-पिंपळाची चिंता करू नका, ते पाखरे आणून टाकतात. गिरिपुष्प मात्र डोंगरभर लावू नये, असे आमचे मत आहे. काही गावांत त्याला उंदीरमारी म्हणतात. लावायला सोपे, फांदी खोचली की येते, आणि जनावर सहसा तोंड लावत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी तेच लावले. बांधावर हिरवळीच्या खताला ते चांगले आहे. पण डोंगरावर त्याची गर्दी झाली की खाली दुसरे फारसे काही उगवत नाही. दुरून हिरवे दिसते. जवळ जाऊन पाहा, पाखरांना खायला त्यात काही नाही.

आणखी एक सांगून ठेवतो. मोकळी जागा दिसली की झाड लावायचे, हेही खरे नव्हे. साताऱ्याजवळचे कास पठार घ्या. २०१२ साली पश्चिम घाटाच्या ज्या जागा जागतिक वारसा म्हणून मान्य झाल्या, त्यांत ते आहे. तिथे खडकावर वीतभर माती. त्या मातीत भाद्रपदात जी फुले येतात ती पाहायला लांबून लोक येतात. तिथे कुणी उत्साहाने झाडे लावली तर फुले जातील आणि झाडेही धड वाढणार नाहीत. तसेच माणदेशाकडचे गवताळ माळ. लांडगा, ससा, तित्तर यांचे घर ते. माळ म्हणजे मेलेले रान नव्हे. जिथे पूर्वी झाडे होती असे म्हातारी माणसे सांगतात, तिथेच झाडे लावा. म्हाताऱ्यांना विचारायला पैसे पडत नाहीत.

आता वणवा. गवत जाळले की पुढच्या वर्षी चांगले येते, असे आपल्याकडे कित्येक जण मानतात. आम्हीही हे लहानपणापासून ऐकत आलो. पण वणव्यात काय जळते ते पाहा. गुडघ्याएवढी रोपे जळतात, जमिनीवर पडलेले बी जळते, पाखरांची अंडी जळतात. राख खत म्हणून राहील म्हणाल, तर पहिल्याच वळवाने ती ओढ्याला जाते, सोबत माती नेते. तीन वर्षांची राखण एका दुपारी संपते, आणि ती बहुधा एका विडीने संपते. राखीव वनात आग लावणे हा १९२७ च्या वन कायद्याने गुन्हाही आहे. उपाय जुना आहे. मार्गशीर्ष-पौषात डोंगराभोवती दहा-बारा फूट रुंदीचा पट्टा गवत कापून मोकळा करायचा. त्याला जाळपट्टा म्हणतात. बाहेरची आग तिथे येऊन थांबते. हे दर वर्षी करावे लागते. जाळपट्टा चुकवला की ते वर्ष नशिबावर सोडले.

मागच्या बाकावरच्या मावशींनी मघाशी हात वर केला होता. त्यांचा प्रश्न असा, "गुरुजी, डोंगर बंद केल्यावर आम्ही शेळ्या कुठं न्यायच्या? साहेब लोक सकाळी फिरायला येणार, आन् आम्ही शेळ्या इकायच्या का?"

मावशी, हाच खरा प्रश्न आहे. याला बगल देऊन केलेले वन टिकत नाही. ज्याला शेत आहे त्याला बांध आहे. ज्याला शेत नाही त्याला डोंगर हाच बांध. चराईबंदीचा ठराव हात वर करून होतो, आणि पुष्कळदा हात वर करणाऱ्याच्या दावणीला शेळी नसते. म्हणून आम्ही म्हणतो, ज्यांच्या शेळ्या आहेत त्यांना बैठकीला आधी बोलवा आणि पुढे बसवा.

वाट निघू शकते. सगळा डोंगर एकदम बंद करू नये. त्याचे तीन भाग करावेत. एक भाग चार वर्षे बंद, दोन उघडे. तो सावरला की दुसरा. बंद भागात जनावर जाणार नाही, पण माणूस जाईल. विळ्याने गवत कापायचे आणि डोक्यावरून आणायचे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हेच केले. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार तिथे सरपंच झाले. गावाने चराईबंदी केली, कुऱ्हाडबंदी केली, पण गवत कापून न्यायला मोकळीक ठेवली. गवत वाढले, तसे दूध वाढले. राखलेल्या डोंगराला चरणाऱ्या डोंगरापेक्षा जास्त गवत येते, हे तिथल्या लोकांनी पाहिले. मात्र पहिली दोन वर्षे कठीण जातात. त्या दोन वर्षांत शेळीवाल्यांच्या चाऱ्याचे गावाने पाहिले पाहिजे. ज्यांचा ऊस आहे त्यांनी वाढे द्यावे. वाढे शेतात जाळण्यापेक्षा मावशींच्या शेळीला गेलेले काय वाईट?

दुसरी बाजूही सांगतो, नाही तर तुम्ही म्हणाल गुरुजींनी गोड गोड तेवढे सांगितले. सागरेश्वरच्या आसपासच्या शेतकऱ्यांची तक्रार आहे, की हरणे वाढली, कुंपणातून बाहेर येतात आणि पिके खातात. तक्रार खोटी नाही. रान झाले की रानाची जनावरे येणार, आणि त्यांना आपल्या शाळूची चव कळणार. नुकसानभरपाईचा अर्ज वनखात्याकडे करता येतो. तो वेळेत करायचा असतो आणि पंचनामा करून घ्यायचा असतो. तुम्ही आता लिहायला शिकलात. हा अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका.

शहरातही असे रान होते. मुंबईला आपल्याकडची पुष्कळ मंडळी गिरणीत आणि गोदीत कामाला गेली. धारावीजवळ, मिठी नदीच्या काठी, शहराचा कचरा टाकायची जागा होती. कचऱ्याचे डोंगरच ते. १९७७ साली तिथे कचरा टाकणे थांबले. पुढे निसर्गप्रेमी मंडळींनी आणि सरकारी प्राधिकरणाने मिळून तिथे माती पसरली, झाडे लावली. पक्ष्यांचे थोर अभ्यासक डॉ. सलीम अली यांनी १९८३ साली पहिले झाड लावले. १९९४ साली ती जागा लोकांना खुली झाली. त्याला महाराष्ट्र निसर्ग उद्यान म्हणतात. जागा ३७ एकर. खाली कचरा आणि वर रान. कचऱ्यावर रान होते, तर आपल्या मुरमावर का होऊ नये?

आणि एक गोष्ट लांबची, आफ्रिकेतली. केनिया नावाचा देश आहे. त्याची राजधानी नैरोबी. शहराला लागून करुरा नावाचे जंगल आहे, साधारण आपल्या सागरेश्वराएवढे. तिथे वांगारी माथाई नावाच्या बाई होत्या. त्यांनी १९७७ पासून खेड्यातल्या बायकांना रोपे करायला शिकवले. पैसे कसे द्यायचे? रोप लावल्याबद्दल नाही. रोप जगले, तर थोडे पैसे. आम्हांला ही युक्ती फार आवडली. आपल्याकडे लावलेल्या रोपांचा आकडा छापतात, जगलेल्यांचा कुणी विचारत नाही. पुढे करुराच्या जमिनी बड्या लोकांना बांधकामासाठी वाटल्या जाऊ लागल्या. माथाईबाई आणि त्यांच्या सोबतचे लोक तिथे रोपे लावायला गेले. १९९९ च्या जानेवारीत त्यांच्यावर हल्ला झाला. बाईंच्या डोक्याला खोक पडली. त्या मागे हटल्या नाहीत. जंगल वाचले. २००४ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज त्या जंगलाला कुंपण आहे, आसपासच्या वस्तीतली माणसे तिथे राखणीला आहेत, आणि शहरातले लोक तिथे मोकळेपणी फिरतात, बायका-मुलेसुद्धा. वनखाते आणि लोकांची संघटना मिळून ते चालवतात.

आपल्याकडेही अशी सोय आहे. महाराष्ट्रात १९९२ पासून गावाने आणि वनखात्याने मिळून वन राखायची योजना आहे. गावाची समिती होते. म्हणून पहिले काम कुदळीचे नाही, कागदाचे आहे. तुमच्या गावामागचा डोंगर कुणाचा, ते आधी पाहा. तलाठ्याकडे सातबारा मागा. त्यावर वनखाते लिहिले आहे, का गायरान, का कुणा खाजगी माणसाचे नाव, ते स्वतः वाचा. वनखात्याचा असेल तर त्यांच्या परवानगीशिवाय खड्डा खणू नका. गायरान असेल तर ग्रामसभेचा ठराव लागेल. खाजगी नाव निघाले, तर ते कधी लागले तेही फेरफारावर पाहा. कधी कधी तिथेच गंमत निघते.

आता बी गोळा करण्याविषयी सांगतो आणि थांबतो. चिंचेचे बी उन्हाळ्यापूर्वी मिळते, ते टिकते. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात वाळतात. बहाव्याचे बी कठीण, ते गरम पाण्यात घालून रात्रभर भिजत ठेवावे. कडुनिंबाच्या निंबोळ्या पावसाच्या तोंडाला पडतात. त्यांचे बी फार दिवस टिकत नाही, गोळा केले की लगेच पिशवीत लावावे. पिशव्या विकत आणू नका, दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन ठेवा, आणि खाली दोन भोके पाडायला विसरू नका. बाभळीचे बी कुठे शोधायचे? मावशींच्या गोठ्यात. शेळी शेंगा खाते आणि बी लेंड्यांतून टाकते. ते बी झाडावरच्या बीपेक्षा चांगले उगवते. तेव्हा मावशी, पहिली पाटी तुमची. तिचे पैसे समितीने द्यावेत, फुकट मागू नये.

टेबलावर वही ठेवली आहे. ज्यांना घरी रोपे करायची आहेत त्यांनी नाव लिहावे, पुढे किती पिशव्या लावणार तो आकडा लिहावा. एक रकाना मोकळा ठेवला आहे. त्यात पुढच्या होळीला जगलेल्या रोपांचा आकडा भरायचा. शाईचा डबा आणलेला नाही, म्हणून अंगठा चालणार नाही.